डेव्हलपर जाड बसला, भेग गोल दिसली: रबाळे एमआयडीसीतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, रबाळे एमआयडीसीत, प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणाऱ्या टाक्या) आणि हीट एक्सचेंजर बनवणारा एक मध्यम आकाराचा फॅब्रिकेशन कारखाना. तळोज्याच्या एका रासायनिक प्रकल्पासाठी तिथे ३१६एल स्टेनलेस स्टीलची एक टाकी तयार होत होती. कोड एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन १, म्हणजे प्रेशर व्हेसलसाठीची अमेरिकन नियमावली. ड्रॉइंगवर अट होती की सर्व नोझलच्या (टाकीला पाइप जोडायच्या तोंडांच्या) वेल्डची शेवटच्या थरानंतर डीपी तपासणी व्हावी. डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट: भेगेत शिरणारे रंगीत द्रव लावायचे, वरचे पुसायचे आणि आत उरलेले पांढऱ्या पुडीवर उमटू द्यायचे. या ऑस्टेनिटिक प्रकारच्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही, त्यामुळे मॅग्नेटिक पार्टिकलचा (चुंबकाने लोखंडी पूड भेगेवर गोळा करण्याचा) मार्ग बंदच. पृष्ठभागावर उघडणाऱ्या भेगा शोधायच्या तर डीपीशिवाय सोयीचे दुसरे काही नव्हते.

कारखान्याची स्वतःची डीपीची माणसे नाहीत. बाहेरच्या एजन्सीचा लेव्हल २ (तपासून निकाल देण्याचे प्रमाणपत्र असलेला) तंत्रज्ञ कॉल दिला की येतो, तीन डबे घेऊन: क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर. पैसे जॉइंटमागे ठरलेले. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

कारखाना, ग्राहक, एजन्सी यांपैकी कोणाचेही नाव इथे घेतलेले नाही. ग्राहकाच्या निरीक्षकाशी वाद झाल्यावर सल्ल्यासाठी मला बोलावले गेले. त्याआधीचा भाग कागदपत्रांवरून आणि तिथल्या लोकांच्या सांगण्यावरून मांडला आहे.

अडचण कशी समोर आली

जुलैचा महिना. शेडच्या पत्र्यावर पाऊस, आत वेल्डिंगचा धूर आणि दमट हवा. डीपी उरकली होती, रिपोर्ट तयार होता, दुसऱ्या दिवशी सकाळी हायड्रो टेस्ट (टाकीत पाणी भरून दाब देण्याची चाचणी) ठरली होती. ग्राहकाच्या बाजूचा थर्ड पार्टी निरीक्षक आदल्या दुपारी आला आणि त्याने रिपोर्ट वाचला. एका नोझलच्या वेल्डवर ‘गोल खूण, ४ मिमी, स्वीकार्य’ अशी नोंद होती. बाकी सगळीकडे ‘कोणतीही खूण नाही’.

कोडच्या हिशेबाने यात वावगे काही नव्हते. डिव्हिजन १ च्या परिशिष्ट ८ नुसार (डीपीत काय पास, काय नापास हे त्यात आहे) १.५ मिमीपेक्षा मोठी खूण विचारात घ्यायची. लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तर ती रेषीय, आणि विचारात घेण्याजोगी कोणतीही रेषीय खूण नापास. गोल खूण मात्र ५ मिमीपर्यंत चालते. म्हणजे २ मिमीची रेघ जॉइंट पाडते आणि ४ मिमीचा ठिपका पास होतो.

निरीक्षकाला खटकली ती खुणेची जागा. वेल्डरने आर्क जिथे तोडला होता, नेमक्या त्या खड्ड्यावर हा गोल ठिपका होता. टिगच्या (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणाखाली केलेल्या) वेल्डमध्ये करंट हळूहळू न उतरवता आर्क झटकन तोडला, की शेवटचा खड्डा गोठताना आकसतो आणि त्यात ताऱ्यासारखी, तीन-चार पायांची बारीक भेग पडते. क्रेटर क्रॅक.

“माझ्यासमोर एकदा परत मारा,” तो म्हणाला.

तंत्रज्ञाने जागा साफ केली, पेनिट्रंट लावला, वेळ दिला, पुसला. डेव्हलपरचा डबा उचलताच निरीक्षकाने तो त्याच्या हातातून घेतला, कानाशी धरून हलवला. आतली गोळी वाजत नव्हती. बराच वेळ हलवल्यावर खुळखुळ सुरू झाली. मग त्याने हातभर लांबून एक हलकाच फवारा मारला, खालचा धातू अंधूक दिसत राहील इतका. फवारा सुकता सुकताच तीन पायांची लाल चांदणी उमटली. काही मिनिटांत पाय फुगले, एकमेकांत मिसळले आणि चांदणीचा ठिपका झाला. जवळपास ४ मिमीचा.

दुसऱ्या एका नोझलवर, जिथे रिपोर्टात काहीच नव्हते, वेल्डच्या कडेला सात-आठ मिनिटांनी साधारण ३ मिमीची केसासारखी रेघ आली.

वाद कशावरून

प्रॉडक्शनच्या साहेबांचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता, म्हणून तो नीट सांगतो. परिशिष्ट ८ म्हणते की दोषाची खूण मूळ दोषापेक्षा मोठी दिसू शकते, तरी स्वीकार-नकार खुणेच्या मापावरच ठरवायचा. “मग दहा मिनिटांनी खूण गोल आहे ना? गोलच धरा. कोड तुम्हीच वाचून दाखवता, सर.”

प्रश्न असा की कोणत्या क्षणाची खूण? त्याच कोडच्या सेक्शन ५ मध्ये तपासणीच्या पद्धती आहेत; त्यातल्या डीपीवरच्या आर्टिकल ६ मध्ये अंतिम निर्णयासाठी १० ते ६० मिनिटांची मुदत दिली आहे. वेट (द्रवात कालवलेला) डेव्हलपर असेल तर हे घड्याळ थर सुकल्यावर सुरू होते. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की पेनिट्रंट डेव्हलपरमध्ये फार पसरला तर दोषाचा प्रकार ओळखणे अवघड होते. अशा वेळी डेव्हलपर मारतानाच खूण कशी तयार होते यावर बारीक नजर ठेवली तर दोषाचे स्वरूप आणि व्याप्ती ठरवायला मदत होते. आणि परिशिष्ट ८ ची आणखी एक ओळ: शंकास्पद खुणेची पुन्हा तपासणी करा. साहेबांनी एक वाक्य वाचले, निरीक्षकाने तिन्ही. माझ्या मते निरीक्षक बरोबर होता. खुणेचे माप घ्यायचे हे खरे, पण ती चांदणी होती हे डोळ्यांनी पाहिल्यावर तिला ठिपका म्हणता येत नाही.

डेव्हलपर नेमके काय करतो

या प्रकरणाचे मूळ इथे आहे. शॉपवर (कारखान्याच्या कामाच्या जागी) डेव्हलपर फवारण्याला ‘पांढरा मारणे’ म्हणतात आणि बहुतेकांच्या मनात त्याचे काम एवढेच असते: लाल रंग उठून दिसावा म्हणून मागे पांढरे. हे त्याचे अर्धेच काम आहे.

भेगेत शिरलेला पेनिट्रंट अत्यल्प असतो. वरचा पुसून टाकल्यावर जो आत उरतो तो आपणहून बाहेर येऊन दिसेल इतका नसतो. डेव्हलपरची पूड म्हणजे असंख्य बारीक कणांचा थर आणि त्यांच्यामधल्या सूक्ष्म फटी. टीपकागद शाई ओढतो तसा हा थर केशाकर्षणाने पेनिट्रंट वर ओढतो आणि बाजूला पसरवतो. पसरवण्यामुळेच उघड्या डोळ्यांना न दिसणारी भेग ठळक लाल रेघ होते. डब्यातल्या डेव्हलपरमध्ये पूड अल्कोहोलसारख्या पटकन उडणाऱ्या द्रावकात मिसळलेली असते. या द्रावकाचेही काम आहे: तो भेगेच्या तोंडाशी पोचून पेनिट्रंटला थोडा पातळ करतो, त्यामुळे तो अधिक सहज वर येतो. म्हणूनच द्रावकातला डेव्हलपर संवेदनशील मानला जातो.

हीच त्याची अडचणही आहे. डबा नीट हलवला नाही तर पूड तळाशी घट्ट बसून राहते आणि नळी वरचे पातळ द्रव ओढते. जागेवर पडतो तो जवळपास नुसता क्लीनर: भेगेच्या तोंडातला पेनिट्रंट विरघळतो, आणि त्याला धरून ठेवायला थरच नसतो. तळाची पूड सैल बसलेली असेल तर उलटे, गुठळ्या उडतात आणि थर ठिगळासारखा जाड बसतो. जवळून फवारले की पृष्ठभाग ओला होतो, द्रावक वाहतो आणि त्याच्याबरोबर रंग पसरतो. चांदणीचा ठिपका व्हायला दहा मिनिटेही लागत नाहीत. थर फार जाड झाला तर बारीक भेगेतला चिमूटभर पेनिट्रंट थराच्या पोटातच जिरतो, वरच्या पृष्ठभागापर्यंत येतच नाही. म्हणजे एकाच डब्याने मोठी भेग फुगवून गोल केली आणि बारीक भेग लपवली, तरी दोन्हींचे कारण एकच असू शकते.

एक जुनी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या कारखान्यांत भाग पातळ केलेल्या तेलात बुडवत, पुसत आणि वर अल्कोहोलमध्ये कालवलेल्या खडूचा लेप देत. भेगेतून झिरपणारे तेल खडूवर डाग पाडायचे. तेलात रंग नंतर आले, चमकणारे रंग १९४० च्या दशकात आले. खडूचे काम मात्र पहिल्या दिवसापासून तेच राहिले आहे.

समोर असलेले पर्याय

बैठकीत चार पर्याय निघाले. दोन लवकर बाद झाले.

फ्लोरोसंट डीपी (अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाची) करून घेऊ, अशी एक सूचना आली. फ्लोरोसंट जास्त संवेदनशील असते, हे खरे. पण लाल रंगाच्या तपासणीनंतर त्याच पृष्ठभागावर फ्लोरोसंट तपासणी करायला आर्टिकल ६ परवानगी देत नाही. भेगेत उरलेला लाल रंग चमक मारून टाकतो. रेडिओग्राफीची, म्हणजे वेल्डचा एक्स-रेसारखा फोटो काढण्याची, सूचनाही आली. नोझलच्या कोपऱ्यातला वेल्ड, पृष्ठभागावरची उथळ बारीक भेग, कारखान्यात इतर काम थांबवावे लागणार. कोणी फारसा आग्रह धरला नाही.

उरले दोन. पहिला: दोन सापडलेल्या जागा ग्राइंड करून दुरुस्त करायच्या, पुन्हा डीपी करून हायड्रोला जायचे. एक दिवसाचे काम. दुसरा: सगळ्या नोझलची डीपी पुन्हा करायची. यात पाच-सहा दिवस जाणार होते, शिवाय आणखी दोष निघण्याची भीती. साहेब पहिल्याच्या बाजूने होते, क्वालिटीची मॅडम दुसऱ्याच्या. मालकांचा प्रश्न साधा होता: “दोन जागा चुकल्या की पद्धतच चुकली, एवढे सांगा.”

तोवर सगळ्यांचा संशय पेनिट्रंटवर होता. कमी दर्जाचा आहे, जुना आहे, ब्रँड बदला. डेव्हलपरचे नाव कोणी काढले नव्हते. मालकांच्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा प्रयोगाने द्यावे, असे मी सुचवले.

ठोकळ्यावरचा प्रयोग

क्वालिटीच्या कपाटात अॅल्युमिनियमचा कंपॅरेटर (दोन तपासण्यांची तुलना करण्याचा) ठोकळा होता. २०२४ प्रकारच्या अॅल्युमिनियमचा, साधारण ७५ बाय ५० बाय १० मिमीचा. ५१० अंशांच्या वर तापवून थंड पाण्यात बुडवल्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे पडते. असे ठोकळे मुख्यतः नेहमीच्या ५ ते ५२ अंश तापमानाबाहेर तपासणी करायची असेल तर पद्धत सिद्ध करायला वापरतात. आम्ही तो तुलनेसाठी वापरला.

ठोकळ्याच्या अ आणि ब अशा दोन भागांवर एकच पेनिट्रंट, एकाच वेळी, तेवढाच वेळ. एकाच कापडाने, एकाच हाताने पुसला. डेव्हलपरचा डबाही एकच. फरक फक्त मारण्यात. ‘अ’ वर तंत्रज्ञाला त्याच्या रोजच्या सवयीने मारायला सांगितले: चार-पाच इंचांवरून, एकदाच, पूर्ण पांढरे होईपर्यंत. मग ‘अ’ झाकून डबा गोळी वाजेपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ हलवला, आणि ‘ब’ वर तोच तंत्रज्ञ साधारण ३० सेंटिमीटरवरून दोन हलके हात मारून गेला.

‘ब’ वर जाळे उमटत गेले, आधी मोठ्या भेगा, मग त्यांच्यामधल्या बारीक. ‘अ’ वर गुलाबी ढग आणि त्यात दोन-तीन गडद पट्टे. तंत्रज्ञ बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिला. “पेनिट्रंट तर तोच आहे,” तो म्हणाला. मालकांना वेगळे उत्तर द्यावे लागले नाही.

हा प्रयोग अगदी काटेकोर नव्हता, हे मान्य. ‘अ’ मध्ये न हलवणे आणि जवळून मारणे दोन्ही एकत्र होते. त्यातले कशाने किती बिघडवले हे वेगळे काढले नाही. निर्णयासाठी त्याची गरजही नव्हती.

नंतर रिपोर्टचा कोरा नमुना मागवला. ‘डेव्हलपिंगचा वेळ’ या रकान्यात ‘१० मिनिटे’ आधीच छापलेले होते. सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहायला जागाच नव्हती. जॉइंटमागे पैसे, दिवसात जेवढे जॉइंट होतील तेवढी कमाई, त्यात छापील दहा मिनिटे; मग प्रत्यक्षात कोण किती थांबत असेल हे विचारायचीही गरज उरली नाही. कडेची ३ मिमीची रेघ सात-आठ मिनिटांनी आली होती, हे इथे आठवावे. कपाटात आणखी एक गोष्ट निघाली: पेनिट्रंट एका कंपनीचा, डेव्हलपरचे काही डबे दुसऱ्या कंपनीचे. खरेदी विभागाने स्वस्तात मिळाले म्हणून भरून ठेवलेले, आणि एजन्सीचा माणूस कमी पडले की त्यातून घ्यायचा. वेगवेगळ्या कंपन्यांची द्रव्ये एका तपासणीत मिसळायला आर्टिकल ६ मनाई करते.

केलेली कारवाई

हायड्रो पुढे ढकलली. हा निर्णय सर्वांत महाग होता आणि सर्वांत योग्यही, कारण हायड्रोचे पाणी एकदा भेगांत शिरले की नंतरच्या डीपीत पेनिट्रंटला जागा उरत नाही. आधी हायड्रो, मग राहिलेली डीपी, असा मधला मार्ग साहेबांनी सुचवला होता. तो स्वीकारला असता तर पुढचे सगळे व्यर्थ गेले असते.

सर्व नोझलची डीपी पुन्हा झाली. जुन्या तपासणीचा वाळलेला पेनिट्रंट आणि पूड भेगेत अडकून राहते, म्हणून क्लीनरने दोन-तीनदा धुऊन, मधे वाळू देऊन मगच सुरुवात. पेनिट्रंटनंतर मात्र क्लीनर थेट वेल्डवर फवारायचा नाही, कापडावर घेऊन पुसायचे. इथेही शॉपवर घाईत फवारले जाते आणि भेगेतला माल धुऊन जातो. धागे सोडणारा कॉटन वेस्ट बंद केला. धागा थराखाली अडकला की लाल रेघेसारखा दिसतो आणि तासभर वाद घालायला लावतो.

डेव्हलपरसाठी नियम छोटे होते. प्रत्येक जॉइंटआधी डबा हलवायचा, पहिला फवारा टाकाऊ पत्र्यावर. त्या पत्र्यावर मार्करने काढलेली रेघ फवाऱ्याखाली अंधूक दिसली पाहिजे; पूर्ण झाकली गेली तर थर जाड आहे. वेल्डजवळचा पंखा बंद. फवारा मारताच बघायला सुरुवात, पहिल्या मिनिटात जे उमटेल त्याचा मोबाइलवर फोटो, थर सुकल्यावर दहा मिनिटांनी दुसरा. शंका वाटली तर ती खूण क्लीनरच्या ओल्या बोळ्याने हलकेच टिपायची, वाळू द्यायची, पुन्हा पातळ डेव्हलपर मारून ती कशी परत येते ते पाहायचे. खरी भेग त्याच जागी, त्याच आकारात परत येते. पुसताना राहिलेला वरवरचा रंग येत नाही. हे दोनदाच करायचे, कारण प्रत्येक वेळी भेगेतला साठा कमी होतो.

पावसाळी हवेत थर सुकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. तंत्रज्ञाने फवारणीपासून घड्याळ लावायला सुरुवात केली, तेव्हा त्याला थांबवून सुकण्यापासून मोजायला सांगावे लागले.

निष्पत्ती

आधीच्या दोन जागांशिवाय आणखी तीन ठिकाणी रेषीय खुणा निघाल्या, बहुतेक आर्क तोडलेल्या जागीच. सगळ्या उथळ होत्या. ग्राइंड करून भेग पूर्ण गेली का हे डीपीनेच पाहिले, मग वेल्ड भरले, मग शेवटची डीपी. शॉपच्या सर्वांत अनुभवी वेल्डर काकांनी सगळे बघून घेतले आणि इतर पोरांना टिग मशीनवर करंट उतरवण्याची सेटिंग लावून दिली. क्वालिटीच्या कागदांत या दुरुस्तीचा उल्लेख नाही, पण पुढचे दोष मुळात कमी होतील ते यामुळेच. हायड्रो व्यवस्थित झाली. शेवटी डेव्हलपर पूर्ण धुऊन काढला. टाकी ठरल्या तारखेपेक्षा आठवडाभर उशिरा तळोज्याला गेली.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते तीन ठिकाणी वेगळा निर्णय शक्य होता. पहिले, काम सुरू होण्याआधी निरीक्षकाला एका जॉइंटवर पद्धत करून दाखवली असती तर फवाऱ्याचे अंतर आणि न वाजणारी गोळी त्याच दिवशी दिसली असती. त्याला एक तास लागतो. दुसरे, आर्क तोडलेल्या जागी ४ मिमीचा ठिपका आला तेव्हा तो टिपून पुन्हा पाहणे तंत्रज्ञाच्या हातात होते. त्याच्याकडे प्रमाणपत्र होते, पण ‘गोल आणि ५ च्या आत’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा लिहिले होते की हात तिकडेच गेला.

तिसऱ्या बाबतीत माझे आणि क्वालिटीच्या मॅडमचे एकमत झाले नाही. त्यांनी सगळा जुना माल फेकून नव्या ब्रँडचा पूर्ण संच घेतला. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे काढून टाकणे गरजेचे होते, पण पेनिट्रंट बदलण्याचे कारण प्रयोगात कुठेच दिसले नव्हते, आणि नव्या डब्यातली पूडही तळाशी तशीच बसते. त्यांचे म्हणणे असे, की लोकांना काहीतरी बदलले हे डोळ्यांना दिसले नाही तर सवय बदलत नाही. त्यात तथ्य असेल.

एजन्सीशी झालेला नवा करार जॉइंटऐवजी दिवसाच्या दराने आहे. रिपोर्टच्या नमुन्यातून छापील ‘१० मिनिटे’ काढून तिथे सुकल्याची वेळ, निर्णयाची वेळ आणि फोटोचा क्रमांक असे तीन रकाने केले आहेत. एजन्सीने दिवसाचा दर वाढवून मागितला आहे आणि मालकांनी अजून होकार दिलेला नाही.